मोहागुड्याची शंभर टक्के वसुली

सुकलू सिडाम तीस वर्षं मोहागुडा ग्रामपंचायतीचा शिपाई होता आणि त्यातली एकोणतीस वर्षं त्याने कोणाच्या दारात आवाज चढवून पैसे मागितले नव्हते. घरपट्टीचं बिल हातात ठेवायचं, "जमन तवा द्या" म्हणायचं आणि पुढच्या घरी जायचं, एवढीच त्याची वसुली. जिवतीच्या पहाडावर त्याचं हे गाव. गाव आणि आजूबाजूचे दोन गुडे, म्हणजे छोट्या वस्त्या, धरून एकशे साठ घरं. काही गोंडांची, काही कोलामांची, थोडी मराठवाड्यातून वर चढून आलेल्यांची. शेती वरच्या पाण्याची, म्हणजे पावसाची. कापूस, तूर, थोडी ज्वारी. मातीच्या भिंती आणि कवेलूचं छप्पर असलेल्या घराला कर लागून लागून लागणार किती? आणि तेवढाही अर्ध्या घरांचा थकलेला असे.

पंचायतीत त्याला घेतलं ते त्याला वाचता येत होतं म्हणून. तो आठ वर्षांचा असताना गावात शाळा आली. तिच्या छपरासाठी त्याच्या बापाने जंगलातून बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, खांद्यावर वाहून आणल्या होत्या आणि सुकलू त्या शाळेच्या पहिल्या पोरांमधला. चौथीपर्यंत शिकला. पुढची शाळा लांब होती, म्हणून थांबला. पण त्या चार वर्षांवर त्याचं सगळं आयुष्य उभं राहिलं. सकाळी पाणी सोडायला नळयोजनेचा वॉल फिरवायचा, पंचायत झाडायची, नोटिसा वाटायच्या, दवंडी द्यायची. लोक कोणताही कागद त्याच्याकडे आणत. रेशनचा, बँकेचा, दवाखान्याचा. "सुकलू, पाह्य ना बा काय लिवलं हाय." तो अंगणातल्या बाजेवर बसून एकेक अक्षर लावत वाची. वाचून झालं की त्याच्या तोंडावर जरा उजेड यायचा. बायको सोनीबाई त्याला हसायची. "दुसऱ्याचं कागद वाचूनच तुमचं पोट भरते."

त्याचा मुलगा आणि सून तेलंगणात मिरची तोडायला जात आणि वर्षातले सात-आठ महिने तिकडेच असत. नात करिश्मा आजा-आजीकडे. ती तिसरीत होती. तिचं वाचन सुकलूपेक्षा पुढे गेलं होतं. तो अक्षराला अडखळला की ती मागून सांगायची, आणि त्याला त्याचा राग यायच्या ऐवजी बरं वाटायचं.

ऑगस्टातल्या एका रविवारी शाळेची एक खोली बसली. पाऊस चार दिवस थांबला नव्हता. मधली बल्ली कुजलेली होती, ती मोडली आणि सगळं छप्पर कवेलूंसकट खाली आलं. रविवार होता म्हणून आत कोणी नव्हतं. दुसऱ्या खोलीचं छप्पर जागेवर होतं, पण आत पाणी इतकं गळत होतं की पोरांना बसता येईना. प्रफुल सर एकटेच शिक्षक. सत्तावीस पोरं चार वर्गांची. त्यांनी पोरं अंगणवाडीच्या ओट्यावर आणली. तिथे अंगणवाडीची लहान लेकरं आणि ही सत्तावीस. एक गाणं म्हणतंय, एक पाढे म्हणतंय, एक रडतंय.

जिल्हा परिषदेचा इंजिनिअर आला, टेप लावून मोजून गेला. दोन्ही खोल्यांना मिळून दोन लाख साठ हजार लागतील म्हणाला. सरपंचांनी विचारलं, "साहेब, कधी होईन?"

"प्रस्ताव पाठवतो. यादी मोठी आहे. तुमच्या आधी पुष्कळ शाळा आहेत."

तो गेल्यावर सुकलूने ग्रामसेवकाला विचारलं. ग्रामसेवक दिनेश तरुण होता, वाईट नव्हता, तीन पंचायती सांभाळून दमलेला असे. "दिनेशभाऊ, आपुन आपल्या पैशानं नाई करू शकत का?"

"करू शकतो ना. पण आपल्या फंडात आहे काय, सुकलूभाऊ? कर आला तर फंड. कर येतच नाही. सरकारचा जो निधी येतो तो आधीच कशाकशात बांधलेला असतो. नाली म्हणजे नाली, शौचालय म्हणजे शौचालय. छप्पर त्यात बसत नाही."

"आन् पुरा कर आला तं? जुना थकलेला धरून?"

दिनेशने रजिस्टर उघडून थोडा हिशेब केला. विजेचं बिल, मोटारीची दुरुस्ती, सुकलूचा स्वतःचा पगार काढून लाखाच्या थोडं वर उरेल म्हणाला. "पण पुरा येतो कुठे?"

त्याच महिन्यात सुकलू पंचायतीच्या कामाने पहाडाखाली निमसाळ्याला गेला. पहाडाच्या पायथ्याशी सिमेंटची कंपनी होती आणि निमसाळ्याच्या हद्दीत तिची खाण. काम झाल्यावर त्याने तिथली शाळा पाहिली. तीही जिल्हा परिषदेचीच. तोच निळा फलक, तेच बोधचिन्ह. पण आत फरश्या होत्या, पंखे होते, थंड पाण्याचं मशीन होतं, एका खोलीत दहा संगणक होते. अंगणात पिवळी बस उभी होती. तिथला शिपाई धनराज ओळखीचा होता. सुकलूने विचारलं, "तुमची वसुली लई असन, नाई?"

धनराज हसला. "कायची वसुली गा! गावात घरपट्टी कोणी भरतच नाई. कंपनी भरते ना. एका कंपनीचा कर आला का आमच्या अख्ख्या गावाचं होते. मी तं दारोदार जाणंच सोडलं."

परत येताना घाट चढताना सुकलूच्या डोक्यातून ते जाईना. रोज दुपारी खाणीत सुरुंग फुटला की मोहागुड्यात भांडी वाजायची. पांढरी धूळ वाऱ्यावर वर येऊन कापसाच्या पानांवर बसायची. दुसऱ्या दिवशी त्याने दिनेशला विचारलंच. "त्या कंपनीवर आपल्याले कर नाई का लावता येत?"

"हद्द नाल्यापर्यंत आहे. खाण नाल्याच्या पल्याड."

"धूळ तं अल्याड येते."

"धुळीवर कर लागत नाही, सुकलूभाऊ," दिनेश म्हणाला. त्याला स्वतःलाच ते बोलणं बरं वाटलं नसावं, कारण तो उगाच कागद चाळत राहिला.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत छपराचा विषय निघाला. कोणी म्हणालं आमदाराकडे जाऊ, कोणी म्हणालं वर्गणी काढू. सतरंज्या घालून झाल्यावर कोपऱ्यात उभं राहणं हे सुकलूचं काम. तीस वर्षांत तो सभेत बोलला नव्हता. त्या दिवशी तो बोलला. "यंदा सगळ्याइनं घरपट्टी भरा. मांगची पुढची सारी. एक रुपया दुसरीकडे जाणार नाई असा ठराव करा. शाळेवर छत टाकू. वसुली मी करतो."

लोक त्याच्याकडे बघत राहिले. मग एक म्हातारा म्हणाला, "सुकलू म्हणते तं खरं असन." ठराव झाला.

सुरुवातीला पैसे आपण होऊन आले. दिवाळीपर्यंत निम्म्या घरांनी भरले. ज्यांची पोरं शाळेत होती त्यांनी आधी. कोणी कापसाचं पहिलं गाठोडं विकून, कोणी कोंबड्या विकून. मग मात्र वाट अडली. आणि मधल्या काळात दुसरीच गोष्ट होत होती. ओट्यावर थंडीत बसून पोरं आजारी पडत होती, शिकणं होत नव्हतं. एकेक बाप येऊन प्रफुल सरांना म्हणे, "सर, दाखला द्या. आश्रमशाळेत टाकतो. तिथी राहाची-खायाची सोय तरी हाय." सर समजावत. "छप्पर होणार आहे, थोडं थांबा." काही थांबले, काही थांबले नाहीत. सुकलूला प्रत्येक दाखला कळायचा, कारण त्यावर पंचायतीचा शिक्का मारायला तोच नेत असे. म्हणून त्याची घाई वाढत गेली. जितक्या लवकर पैसे, तितक्या लवकर छप्पर. जितक्या लवकर छप्पर, तितकी पोरं राहतील.

जानेवारीपासून तो बदलला. सकाळी वॉल फिरवला की निघायचा तो दिवेलागणीला घरी. आता तो "जमन तवा" म्हणत नव्हता. दारात बसून राहायचा. म्हणायचा, "आज घेतल्याबिगर उठत नाई." लोक त्याला टाळू लागले. त्याला येताना पाहून एखादी बाई मागच्या दाराने वावरात जाई. एका सोयऱ्याने तोंडावर सांगितलं, "तुले पगार भेटावा म्हणून करून राह्यला ना हे?" सुकलूने ऐकून घेतलं.

मार्च लागला तेव्हा अकरा घरं उरली होती. दिनेशने त्यांना नोटिसा काढल्या. सात दिवसांत भरा, नाहीतर नळ बंद. सुकलूनेच त्या वाटल्या. दहा घरांनी कसंबसं भरलं. एक राहिलं, बुधरीचं.

बुधरी कोलामांच्या गुड्याच्या टोकाला राहायची. सत्तरीच्या वरची, एकटी. नवरा कधीच गेलेला. एकुलता मुलगा कामाला म्हणून गेला तो चार वर्षं परतला नव्हता. बांबूच्या टोपल्या विणायची, आठवडी बाजारात विकायची. एक बकरी होती, तिचं दूध पिऊन राहायची. नऊ वर्षांची थकबाकी अकराशे चाळीस रुपये.

"बाई, तेवढं भरा आता," सुकलू म्हणाला.

"कुठून भरू? आन् काऊन भरू? माह्या घरातलं कोण शाळेत जाते?"

"गावातले पोट्टे तुमचेच होत ना, बाई. करिश्मा तुमच्या वट्यावर खेळते. तुमच्या एका घरासाठी अडून राह्यलं हाय."

हे खरं नव्हतं. अकराशे रुपयांवाचून छप्पर अडत नव्हतं. पण सुकलूच्या डोक्यात शंभराचा आकडा बसला होता. तालुक्यात ज्या पंचायतीची पुरी वसुली होईल तिचं काम वर आधी मंजूर होतं, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. दुसऱ्या खोलीसाठी त्याला ते हवं होतं.

बुधरी विणत राहिली.

आठव्या दिवशी सुकलू पाना घेऊन गेला आणि तिचा नळ बंद केला. ती दारात उभी राहून बघत होती. पाणी आणायला विहीर होती, पण ती उताराखाली. बारा दिवस ती पाण्याचा गुंड डोक्यावर घेऊन चढली. वाटेत पंचायत लागे. सुकलू आतून तिला पाही आणि खिडकीकडे पाठ करून बसे. सोनीबाईने त्या बारा दिवसांत त्याच्याशी नीट बोलणं सोडलं. एकदाच म्हणाली, "तुमच्या मायच्या वयाची हाय ते." तेराव्या दिवशी बुधरी स्वतः पंचायतीत आली. पदराच्या गाठीतून पैसे काढून टेबलावर ठेवले. "मोज," म्हणाली. कुठून आणले ते सुकलूने विचारलं नाही. गुड्यावरच्या एकाने नंतर सांगितलं की बाजारात बकरी विकली.

एकतीस मार्चला मोहागुड्याची वसुली शंभर टक्के झाली. तालुक्याच्या सभेत सुकलूला शाल, नारळ आणि फ्रेम केलेलं प्रमाणपत्र मिळालं. टाळ्या झाल्या. तिथे निमसाळ्याच्या पंचायतीचंही नाव घेतलं गेलं, सर्वांत जास्त उत्पन्नाबद्दल. सुकलूने दिनेशच्या कानात विचारलं, "आता दुसऱ्या खोलीचं मंजूर होईन ना?"

"असं काही नसतं, सुकलूभाऊ. कोणी सांगितलं तुम्हाला?"

हाती आले ते एक लाख आठ हजार. त्यात एकच खोली होणार होती. एप्रिल-मेमध्ये गावाने ती उभी केली. लोखंडी अँगल, वर टिनाचे पत्रे, भिंतींना नवा गिलावा. मजुरी कोणी घेतली नाही. ज्यांनी सुकलूला टाळलं होतं तेही आले. तो स्वतः पत्र्यावर चढून हूक आवळत होता आणि करिश्मा खालून पाण्याची बाटली दाखवून ओरडत होती, "आबा, उतरा ना!" शेवटचा पत्रा बसला तेव्हा प्रफुल सरांनी भिंतीवर स्वतःच्या हाताने बाराखडी रंगवली. ते दोन आठवडे सुकलूच्या आयुष्यातले चांगले म्हणावेत असे होते. येताजाता तो शाळेत डोकावायचा. कोऱ्या टिनाचा वास यायचा.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात शाळा उघडायच्या चार दिवस आधी पत्र आलं. प्रफुल सरांनीच ते पंचायतीत आणलं. पटावर सतरा विद्यार्थी राहिले होते. विसाच्या आत पट असलेली शाळा जवळच्या मोठ्या शाळेत समाविष्ट करायची होती. मोहागुड्याची पोरं निमसाळ्याच्या शाळेत जातील, जाण्यायेण्याची व्यवस्था शासन करेल, शिक्षकाची बदली दुसरीकडे.

सुकलूने पत्र दोनदा वाचलं. "समाविष्ट" हा शब्द त्याला लागत नव्हता. सरांनी सांगितला.

"म्हंजे बंद?"

"हो."

"पण सत्तावीस होते ना, सर."

"दहा जण गेले की हो वर्षभरात. मीच दाखले दिले." सर खाली बघत होते. "छप्पर असतं तर गेले नसते. छपरासाठी मी वर लिहून लिहून थकलो."

सुकलू आणि दिनेश जिल्ह्याच्या कार्यालयात गेले. बस, मग दुसरी बस. सुकलूने ते प्रमाणपत्र पिशवीत घालून नेलं होतं. साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. दिनेशने फोटो दाखवले, नवे पत्रे, नवा गिलावा. सुकलूने प्रमाणपत्र काढून टेबलावर ठेवलं.

"अभिनंदन," साहेब खरंच मनापासून म्हणाले. "गावाने मोठं काम केलं. पण हे बघा, सतरा मुलांमागे एक शिक्षक, एक इमारत, पोषण आहार, हा खर्च बसत नाही. आणि तुमची मुलं चांगल्या शाळेत जातायत. तिथे संगणक आहेत. तुमचं नुकसान काय?"

सुकलूने टेबलावरचं प्रमाणपत्र साहेबांकडे सरकवलं. मग तो म्हणाला, "साहेब, आमी कर भरला. साऱ्याइनं. थ्या गावात कोणी नाई भरत."

"तो विषय वेगळा आहे. कराचा आणि पटाचा संबंध नाही." साहेबांनी घड्याळ पाहिलं. "ठराव करून द्या, मी वर पाठवतो."

ठराव करून दिला. त्याचं उत्तर आलं नाही.

निमसाळा घाटाने सात किलोमीटर. शासनाच्या भाड्यावर एक ऑटो सुरू झाला. सतरा पोरं दोन फेऱ्यांत जायची. दीड महिना तो चालला. मग पैसे आले नाहीत म्हणून ऑटोवाल्याने बंद केला. पोरं चालू लागली. खालच्या अर्ध्या रस्त्यावर सिमेंटचे ट्रक. निमसाळ्याची पिवळी बस नाल्यापर्यंत यायची, तिथे कंपनीच्या कामगारांची काही घरं होती. सुकलूने तिथल्या सरपंचांना जाऊन हात जोडले. बस नाल्यापासून दोन किलोमीटर वर आणा, पोट्ट्यांचा घाट तरी वाचन. सरपंच अदबीने बोलले. बस गावाच्या फंडातून चालते, डिझेल गावाचं, आमच्या ग्रामसभेला विचारावं लागेल. ग्रामसभेत लोक म्हणाले, वरच्या गावाने डिझेलचा खर्च द्यावा. मोहागुड्याच्या फंडात तेव्हा मोटारीची दुरुस्ती करण्याइतकेही पैसे नव्हते. सगळे पत्र्यावर गेले होते.

करिश्मा चौथीत गेली होती. ती तक्रार करणारी पोरगी नव्हती. एक दिवस ती घरी आली आणि न जेवता निजली. सोनीबाईने विचारलं तेव्हा कुशीवर वळून म्हणाली, "आजी, कॉम्पुटरच्या खोलीत आमाले नाई घेत. म्हणते, थे गावच्या पोट्ट्यायसाठी हाय. आमी बाहेर बसतो थ्या तासाले."

"सर म्हणते?"

"सर नाई. तिथले पोट्टे म्हणते. सर काहीच नाई म्हणत."

दुसऱ्या दिवशी सुकलू तिच्याबरोबर खाली गेला. वर्गशिक्षिकेने त्याला खुर्ची दिली. सांगितलं की संगणक गावाने घेतलेत, वापराचं वेळापत्रक गावाची समिती ठरवते. मला सगळी मुलं सारखीच, पण माझ्या हातात नाही. पुढच्या वर्षी काहीतरी करू. सुकलूने मान डोलावली. त्याला त्या बाईंचा राग येईना, सरपंचांचा येईना, साहेबांचाही आला नव्हता. तो घाट चढत असताना थांबला आणि रस्त्याच्या कडेला खाली बसला. ज्याच्यावर ओरडता येईल असा एक माणूस त्याला मिळाला असता तर बरं झालं असतं.

करिश्मा दसऱ्यापर्यंत गेली. मग एका ट्रकच्या धक्क्याने दुसरीतली एक मुलगी नालीत पडली, हात मोडला. त्या आठवड्यात सतरापैकी अकरा पोरांनी जाणं सोडलं. करिश्माही. मुलगा-सून तेलंगणातून फोनवर म्हणाले, आश्रमशाळेत टाका. पण आश्रमशाळेचे प्रवेश जूनमध्येच भरले होते. "पुढच्या साली पाहू," असं सगळे म्हणत होते. ती सोनीबाईबरोबर कापूस वेचायला जाऊ लागली. सुरुवातीला ती वावरात पाटी-पुस्तक नेई. नंतर नेईनाशी झाली.

नोव्हेंबरात कापसाचा एक व्यापारी पंचायतीत आला. त्याला माल ठेवायला कोरडी जागा हवी होती. शाळेची टिनाची खोली त्याने पाहिली होती. भाडं द्यायला तयार होता. दिनेशने सरपंचांशी बोलून वरून परवानगी आणली. रिकामी इमारत पडून खराब होण्यापेक्षा पंचायतीला उत्पन्न होईल. दिनेश सुकलूला म्हणाला, "भाऊ, यात तुमचा पगारही वेळेवर निघेल. नाहीतर यंदा कर कोण भरणार?" तो चांगल्या मनाने बोलला होता. सुकलूने कुलूप उघडून दिलं. मजुरांनी आत कापूस भरला, खिडकीच्या वरपर्यंत. सरांनी रंगवलेली बाराखडी त्यामागे गेली.

डिसेंबरचा पगार हातात आल्यावर सुकलू बाजारात गेला आणि एक बकरी घेतली. पगार सगळा गेला, थोडे उसने घ्यावे लागले. त्याने ती बकरी ओढत कोलामांच्या गुड्यावर नेली. बुधरी दारात विणत बसली होती. तिचा नळ कधीच सुरू झाला होता, पण ती त्याचं पाणी भरत नसे, असं लोक सांगत. खरंही असावं. नळाच्या तोंडाशी कोळ्याने जाळं केलं होतं.

"बाई, हे घ्या," सुकलू म्हणाला.

तिने बकरीकडे पाहिलं. "कोणाची?"

"तुमची. माह्या पगारातून घेतली. तुमच्यावर मी…" त्याने दोरी पुढे केली.

बुधरीने हातातली बांबूची काडी खाली ठेवली. बराच वेळ ती बकरीच्या कानावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "सुकलू, मी तुले नव्हती देली बकरी. शाळेले देली होती. तू कसा वापस देशीन?"

"बाई, शाळाच…"

"मले मालूम हाय. कापूस भरला हाय म्हणते." ती उठली, दोरी त्याच्या हातात परत दिली. "पोट्टीले दूध पाज."

तिने दार लावलं नाही. तशीच बसून विणायला लागली. तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. तो बकरी घेऊन आला त्या वाटेने परतला. गुड्यावरची माणसं आपापल्या दारातून पाहत होती.

फेब्रुवारीत नवी बिलं छापून आली. दिनेशने गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला. मागच्या साली शंभर टक्के होती म्हणून यंदा वरून विशेष लक्ष होतं. नव्वदच्या खाली आली तर पगारातला सरकारी हिस्सा कापला जाईल, असं लेखी आलं होतं.

"वाटून देतो," सुकलू म्हणाला. "मागत नाई."

"भाऊ, तुमचंच नुकसान आहे."

"होऊ द्या."

तो दारोदार फिरला. लोकांनी बिलं घेतली, कोणी वळचणीला खोचली, कोणी न बघता बाजूला ठेवली. कोणी त्याच्याशी भांडलं नाही. शाळेचं काय झालं हेही कोणी विचारलं नाही. वर्ष संपता संपता वसुली एकतीस टक्क्यांवर थांबली आणि सुकलूचा पगार निम्म्यावर आला. कागद वाचून घ्यायला लोक अजून येत, पण पूर्वीसारखे बाजेवर बसत नसत. उभ्यानेच विचारून जात.

वाटलेल्या गठ्ठ्यातलं शेवटचं बिल त्याचं स्वतःचं होतं. ते त्याने सोनीबाईच्या हातात दिलं. तिने कधीच असं काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"हे यंदा कायच्यासाठी भराचं?"

सुकलूने बिल पुन्हा हातात घेतलं. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणी. त्याने चारही शब्द एकेक अक्षर लावत वाचले. करिश्मा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तो आरोग्याशी अडखळला. तिने मान वर केली नाही, सांगितलं नाही.

"भराव लागते," तो म्हणाला, आणि पैसे आणायला आत गेला.